बॉयलरमास्तरांचा दाब

बॉयलरमास्तरांचा उभा जन्म कारखान्यात बॉयलरच्या काट्याकडे बघण्यात गेला होता. दाब चढला की झडप उघडायची, उतरला की बंद करायची. स्वतःला रक्तदाब निघाला तेव्हा त्यांनी हाच कायदा लावला. घरच्या यंत्रावर आकडा चढला की गोळी, उतरला की गोळी बंद! वर बायकोला ऐकवायचे, "उगाच औषध वाया कशाला घालवायचं?"

वार्षिक तपासणीत मात्र गाडं अडलं. आकडा बघून कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या.

"तुमचं यंत्र बिघडलंय," मास्तर म्हणाले.

बाईंनी तोच पट्टा सोबत आलेल्या बायकोच्या दंडाला बांधला. ठणठणीत. मग स्वतःच्या. तोही ठीक.

"गोळी रोज घेता?"

"लागेल तशी," म्हणत मास्तरांनी मोठ्या ऐटीत आपली पद्धत सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, दाब उतरतो तोच गोळीमुळे! थांबवलीत की पुन्हा चढणार. आता रोज गोळी, मीठ कमी, रोज चालणं. महिन्याने बघू. तोवर बॉयलरपाशी जायचं नाही, फाटकावर बसायचं."

फाटकावर! तिथे मास्तरांचे व्याही पहारेकरी होते. त्यांच्या हाताखाली बसायचं म्हणजे नाकच कापलं जायचं. मास्तर तावातावाने बायकोकडे वळले.

"सांग गं यांना! माझ्या हातून कधी बॉयलर फुटलाय?"

"नाही," ती म्हणाली. "आणि फुटला असता तर कारखान्याने दुसरा आणला असता. मी कुठून आणू?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिने असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मास्तरांना पहिल्यांदाच भीती वाटली, आणि लाजही. डॉक्टरीणबाईंनी पुढे केलेली गोळी त्यांनी लगेच गिळली.

दुसऱ्या दिवशी ते चालतच फाटकावर गेले. व्याह्यांना आनंद मावेना.

"या, या मास्तर! आता आमच्या हाताखाली!" असं म्हणत त्यांनी खाऱ्या दाण्यांची पुडी पुढे केली.

मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं. हात पुडीपर्यंत गेलासुद्धा. मग त्यांनी तो मागे घेतला.

"नको," ते म्हणाले. "तिला दुसरा मिळायचा नाही."