भरत आलंय

लेकीने वहीवर पेन्सिल टेकवली. "आबा, परत सांगा. पाणी भरलं असं कधी म्हणता?"

"भरलं की म्हणतो."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी भरत आलंय. त्याच्याही आधी बऱ्यापैकी. आणि त्याच्या आधी, आत्ता कुठं." आबांनी लोखंडी कठड्यावर तळहात ठेवला. "तुझ्या यंत्राला झेपतील एवढ्या पायऱ्या?"

"त्याच तर शिकवतेय. बाकीच्या यंत्रांना दोनच कळतात. रिकामं नाही तर भरलेलं."

"तुझ्या आईचंही तसंच होतं. जेवलात की उपाशी? मधलं काही पटायचंच नाही."

कालव्याच्या खालच्या आणि वरच्या पाण्यामध्ये हा हौद होता. मालाची होडी, म्हणजे पडाव, खालून आत आला की मागचं दार लागायचं, हौद भरत जायचा, आणि झोपलेलं लेकरू उचलावं तसा पडाव अलगद वर यायचा. पाणी वरच्या पाण्याच्या बरोबरीला आलं की पुढचं दार. दाराला मात्र अधलंमधलं ठाऊक नव्हतं. क्षणभर घाई झाली तर लोंढा पडावाला भिंतीवर आपटायचा. दार उघडायचा नेमका क्षण चाळीस वर्षं आबा सांगत आले होते. यंत्राशेजारी माणूस हवा की नको, हे लेकीला आज अहवालात लिहायचं होतं. 'नको' लिहिलं की कठड्यामागची आबांची खोली बंद होणार होती.

धुक्यातून एक पडाव आत शिरला. पडाववालीने हात हलवला. आबा तसेच उभे.

"आबा, झोपलात का?" तिने हाक मारली.

"तुझा पडाव चालताना बघून कुणालाही झोप येईल," आबा लगेच म्हणाले.

मागचं दार लागलं. पाणी चढू लागलं. यंत्राच्या पडद्यावर 'बऱ्यापैकी' हळूहळू विझत गेलं, आणि ते पुरतं विझायच्या आतच 'भरत आलंय' उजळू लागलं.

"लाल रेघेला चार बोटं कमी," आबा म्हणाले.

लेकीने भिंतीकडे पाहिलं. चार बोटंच कमी होती. रेघ मात्र पिवळी होती. उन्हाळ्यातच नवा रंग दिला होता.

तिने आबांकडे पाहिलं. त्यांची नजर भिंतीच्या पलीकडे, धुक्यात कुठेतरी होती. त्यांच्या तळहाताखाली कठड्याचा रंग पार झिजला होता. तिने आपला हात त्या हाताशेजारी ठेवला. लोखंडात पाण्याची बारीक थरथर होती. अंगाईची शेवटची ओळ विरावी तशी ती विरत गेली, आणि थांबली.

"आता," आबा म्हणाले.

पडद्यावरही तेच उमटलं. दार उघडलं. पडाव वरच्या पाण्यात निघून गेला.

"आबा, कधीपासून?"

आबांनी चेहरा तिच्या आवाजाकडे वळवला.

"एकदम नाही गं," ते म्हणाले. "मागच्या वर्षी बऱ्यापैकी दिसायचं. आता अंधार भरत आलाय."

लेकीने पिशवीतून एक लहानशी चकती काढली आणि कठड्यापाशी वाकली.

"हात जरा सरकवा."

त्यांनी हात सरकवला. जरासाच.

"हे काय?"

"थरथर मोजायला. मी यंत्राला नुसते डोळेच दिले होते."

"शिकायला किती दिवस लागतील त्याला?"

तिने अहवाल गुडघ्यावर घेतला आणि 'हवा'पुढे खूण केली.

"बरेच," ती म्हणाली.