सिमल्याची बोराटी

मुलांनो, एक रोपटं डोळ्यांसमोर आणा. उंची तुमच्या वितीएवढी. पानं गडद हिरवी आणि चकचकीत, जणू कोणी तेलाचा बोळा फिरवला आहे. आता पानाच्या कडेवरून मनातल्या मनात बोट फिरवा. हळू! काटे आहेत. हे हॉलीचं रोप. थंड डोंगरांवर, भोवती बर्फ पडलेलं असताना, हॉलीच्या मोठ्या झाडाला लालभडक फळं लागतात.

असं एक रोप बर्फाचा मुलूख सोडून चामोर्शीला आलं, तेव्हाची ही गोष्ट. १९५५-५६चा सुमार असेल. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच होता.

रोप आणलं होतं इंदुताईंनी. त्या रेंजरसाहेबांच्या बायको. वडील सिमल्याला नोकरीत असल्यानं त्या तिथंच वाढलेल्या. पौषात त्या बाळंतपणाला माहेरी निघाल्या, तेव्हा त्यांनी बंगल्याचे माळी देवाजी यांच्या मुलीला, वच्छलाला, बोलावलं आणि रोपाचा डबा तिच्या हातात दिला.

"सिमल्याला ही झाडं रानात उगवतात. परत नेऊन काय करू? हे इथं जगलं तर खरं. जगवशील?"

"जगवीन ना बाई," वच्छला म्हणाली. "पण याले म्हणतेत काय?"

"हॉली."

"होळी? हिवाळ्यात होळी?"

सगळे हसले. मग रानबोरीच्या झुडपासारखे काटे बघून तिनं स्वतःच नाव ठेवलं, सिमल्याची बोराटी.

त्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. वांग्याच्या रोपांना देवाजी तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, पांघरूण घालत, तसंच वच्छलानं बोराटीलाही घातलं. वर गोणपाट गुंडाळलं. रोज सकाळी जवळ शेकोटीही पेटवली. पाहुण्याचे लाड करण्यात तिनं काही कमी ठेवलं नाही.

आणि पानं पिवळी पडून गळू लागली.

"बाबा, हे मरून राह्यलं!" ती रडकुंडीला आली. "मी काय सांगू बाईले?"

"रडू नको. आधी नीट पाह्य," देवाजी म्हणाले. "कोणत्या बाजूनं मरून राह्यलं?"

वच्छला डब्याभोवती फिरली. एका बाजूचं गोणपाट सरकलं होतं आणि तिथलं तणस कोंबडीनं उकरून टाकलं होतं. तिथल्या पानांवर दव साचलं होतं आणि तीच तेवढी हिरवी होती. पांघरुणातली बाजू वाळली होती.

मुलांनो, इथं जरा थांबा. तुम्ही काय केलं असतं?

वच्छलानं गोणपाट आणि सगळं तणस काढलं, शेकोटी विझवली आणि डबा विहिरीजवळ उघड्यावर नेऊन ठेवला. "याले थंडी वाजत नाई बाबा. थंडी तर याच्या घरची हाये!"

पण आपल्याकडं थंडी किती दिवस टिकते? चैत्र आला, पत्र्याचा डबा तापू लागला. शेजारचे वारलूकाका कुंपणावरून म्हणाले, "काऊन जीव काढतं पोरी? बोरं तं येत नाई, नुसते काटे. चुलीत टाक."

"काका, तुमच्या मिशीलेही बोरं येत नाई. कापता काय?"

काका हसत हसत निघून गेले. वच्छला मात्र हसली नाही. पिण्याचं पाणी माठात गार राहतं, मग रोप का राहू नये? तिनं फुटक्या तोंडाचा माठ आंब्याच्या दाट सावलीत पुरला, डबा त्यात उतरवला आणि मधल्या फटीत रेती भरली. त्या रेतीवर ती सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपायची. तरी वैशाखात उरलेली पानंही झडली. राहिली नुसती काडी.

देवाजींनी नखानं साल जराशी खरवडली. आत हिरवी रेघ होती. "जीव हाये वच्छले. सोडू नको."

तिनं सोडलं नाही. पावसाळ्यात मुळं कुजू नयेत म्हणून तिनं डबा काढून दगडांवर ठेवला. कार्तिकात गार वारा सुटला, आणि काडीच्या टोकाला तांबूस कोंब दिसला. मग पानं आली. कोवळी, तरी कडेला काटे घेऊनच.

इंदुताई बाळाला घेऊन परतल्या, तो बाजाराचा दिवस होता. वच्छलानं डबा त्यांच्यापुढं ठेवला आणि श्वास न घेता सांगितलं, "याले हिवाळ्यात पांघरूण घालाचं नाई, उन्हाळ्यात माठात ठेवाचं अन् पावसाळ्यात दगडावर."

"घ्या बाई, तुमचं झाड," देवाजी म्हणाले.

इंदुताई खाली बसल्या. त्यांनी एकेक पान निरखलं. "माझी पानं तर गळून गेली देवाजीभाऊ. ही सगळी चामोर्शीत जन्मली. झाड वच्छलाचं आहे."

देवाजींनी डोक्याचं फडकं काढून पुन्हा बांधलं.

वच्छलाचं घर बंगल्याच्या मागेच होतं. मागचं दार उघडंच होतं. पण तिनं डबा डोक्यावर घेतला, मान ताठ केली, पुढच्या फाटकातून बाहेर पडली आणि भर बाजारातून, सगळ्यांना दिसेल अशी, लांबच्या वाटेनं घरी गेली.