डाव्या डोळ्याचा कॅमेरा

प्राजक्ताने उत्तमरावांच्या हातातला कॅमेरा काढून घेतला आणि टेबलाच्या पार पलीकडे, त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवला.

"हा तुमचा नाही, काका."

"काहून? चांगला तं हाये."

"चांगलाच हाये. पन दुसऱ्या कोनासाठी."

गिऱ्हाइकाशी असं तोडून बोलू नये हे तिला आईपासून खालच्या मजल्यावरच्या शिंप्यापर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. तिच्यावर काडीचा परिणाम झाला नव्हता. अकोल्याच्या जुन्या शहरात, जिना चढून गेल्यावरच्या एका खोलीत ती रोल टाकायचे जुने कॅमेरे दुरुस्त करायची, आणि नुसतं दुरुस्त करून न थांबता ज्याच्या त्याच्या हाताला बसेल असा एकेक कॅमेरा करून द्यायची. पुण्या-नागपूरहून हौशी मुलं तिला कुरिअरने कॅमेरे पाठवत. कुणाला निळं कातडं हवं असे, तर कुणाला आजोबांचा वाटावा म्हणून धडधाकट कॅमेऱ्याचा रंग खरवडून हवा असे. खरवडायला सांगणाऱ्यांचे कॅमेरे ती आल्या पावली परत धाडायची.

उत्तमराव हौशी नव्हते. अंजनगाव सुर्जीत त्यांचा स्टुडिओ होता आणि दर्यापूर-अकोटपासून तेल्हाऱ्यापर्यंत अर्ध्या मुलखातल्या लग्नांचे फोटो त्यांनी काढले होते. पुढे घरोघरी मोबाइल आले, स्टुडिओच्या जागी मुलाने घरच्या मळ्यातल्या फुलांचं दुकान टाकलं, आणि गेल्या वर्षी काचबिंदूने उत्तमरावांचा उजवा डोळा नेला. जन्मभर कॅमेऱ्याला लावला तोच डोळा. सत्तरी उलटलेला हा माणूस आता एसटीने अकोल्याला येऊन सांगत होता की डावा अजून धड आहे, त्याला शिकवून पाहू.

"बरं, घ्या," प्राजक्ताने तोच कॅमेरा पुन्हा त्यांच्या हातात दिला. "लावा डोळ्याले. अन् रोल पुढं घ्या."

त्यांनी कॅमेरा उचलला तो सवयीने उजव्या डोळ्याकडे नेला. मग थांबून डाव्याकडे आणला. अंगठ्याने पट्टी ओढली तशी ती जाऊन चष्म्याच्या काचेवर आपटली.

"हे असं," प्राजक्ता म्हणाली.

या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघत नाहीत. बघायची खिडकी वेगळी असते, वरच्या डाव्या कोपऱ्यात. उजव्या डोळ्याने बघणाऱ्याचं नाक मोकळं राहतं आणि तो मोठ्या ऐटीत उभा राहतो. डाव्या डोळ्याने बघणाऱ्याचं सगळं तोंड कॅमेऱ्यामागे जातं आणि रोल पुढे घ्यायची पट्टी दर फोटोला त्याच्या तोंडाशी भांडते. कॅमेरा दिसायला कितीही देखणा असो, असं भांडण रोज कोण सहन करणार!

तिने कपाटातून दुसरा काढला. रशियन, जाडजूड, दगडासारखा जड. उत्तमरावांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हा तं ट्रॅक्टर दिसून राहिला, बाई."

"ट्रॅक्टरच हाये. पन याले पट्टी नाही, चावी हाये. बोटानं फिरवा, तोंडाजवळ काही येत नाही. खिडकी मोठी. अन् इथं खाली ही खुंटी सरकवली की खिडकीचा नंबर बदलते, चष्म्यासारखा."

उत्तमरावांनी चष्मा कपाळावर चढवला, कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला आणि खुंटी हळूहळू सरकवली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"एकेक कुरडी दिसून राहिली," ते म्हणाले. आणि कॅमेरा डोळ्यावरून न काढता पुढे बोलले, "नातीचं लग्न हाये. प्रणालीचं. घरच्यायनं ठरवलं, आजोबाले फेटा बांधायचा अन् सोफ्यावर बसवायचं. मी म्हनलं, एक रोल मी काढीन. कोनी नाही म्हनलं नाही. सारे हो हो म्हनाले, लहान पोराले म्हनतात तसं."

"मंग?"

"मंग काय. जमलं तं मांडवात उभा राहीन. नाही जमलं तं फेटा बांधून घेतो अन् पुन्हा क्यामेऱ्याले हात लावत नाही."

प्राजक्ताने ट्रॅक्टर स्वतःकडे ओढला आणि पेचकस शोधायला लागली.

लग्नसराईचे दिवस होते, हातात दुसरी कामंही होती, पण ती याच कॅमेऱ्याला चिकटून बसली. चष्मा वर चढवायचं राहिलं तर खिडकीच्या धातूच्या कड्याने त्याला चरे पडले असते म्हणून तिथे तिने नळाचा रबरी वायसर बेताने कापून बसवला. चावी गुळगुळीत होती, तिच्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. लेन्सचं कडं आत वंगण सुकून आखडलं होतं, ते उघडून, धुऊन इतकं हलकं केलं की एका बोटाने फिरावं. या कॅमेऱ्याच्या खिडकीत मधोमध एक लहानसा ठिपका असतो. त्यात समोरचा माणूस दुहेरी दिसतो, आणि कडं फिरवत त्या दोन माणसांचा एक केला की फोटो स्पष्ट येतो. जुन्या कॅमेऱ्यात हा ठिपका विटून जातो. प्राजक्ताने आतला आरसा पुसला आणि खिडकीवर रंगीत फिल्मचा कपटा लावून ठिपका असा उठवला की डाव्याच काय, झोपाळू डोळ्यालाही दिसावा. कातडं उत्तमरावांनी स्वतः आणून दिलं, आपल्या जुन्या कॅमेऱ्याच्या बॅगेचं, तपकिरी. तिने काळंच शोभेल म्हणून हुज्जत घातली, ते ऐकेनात, आणि लावून झाल्यावर तिलाही तपकिरीच आवडलं. हे तिने त्यांना सांगितलंसुद्धा.

मधल्या फेऱ्यांमध्ये उत्तमरावांनी तिच्या पुष्कळ शिव्या खाल्ल्या. या कॅमेऱ्यात आधी चावी फिरवायची आणि मग शटरच्या वेगाचा आकडा लावायचा. उलटं केलं तर आतल्या चाकांचे दात जातात. ते दोनदा उलटं करायला गेले आणि दोन्ही वेळा ती इतक्या जोरात ओरडली की खालच्या शिंप्याने मशीन थांबवली.

"पयले चावी! काका, दात एकदा तुटले तं नवे कुठून आनू मी?"

"माहे तं कवाचेच गेले," उत्तमराव म्हणाले आणि खुशीत चहा मागवला. वयाच्या मानाने त्यांना राग यायला हवा होता, पण दर वेळी जिना उतरताना ते जास्तच टवटवीत दिसायचे. उतरताना प्राजक्ता मात्र न विसरता त्यांचा दंड धरायची. जिना अंधारा होता आणि त्यांची उजवी बाजू कोरी.

शेवटी चाचणीचा दिवस उजाडला. उत्तमरावांनी तिच्या समोर स्वतः रोल भरला, बोटांनी चाचपत, न चुकता. मग तिला गॅलरीच्या दारात उभं केलं.

"तुहाच काढतो पयला."

"मी काय नवरी हाओ का?"

"नवरी नाही म्हनून तं. नवऱ्या लय झाल्या."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. उत्तमरावांनी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला, कोपर पोटाशी घट्ट घेतलं, कडं फिरवलं. सगळं अगदी ती सांगत आली तसं. तिला मनापासून बरं वाटलं. आणि मग तिचं लक्ष लेन्सकडे गेलं. लेन्सवर टोपण तसंच होतं.

खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, त्यामुळे बघणाऱ्याला टोपण कळत नाही. हा घोटाळा या कॅमेऱ्यांत सगळ्यांच्याच हातून होतो, तिच्याही हातून झाला होता. एरवी ती केव्हाच ओरडली असती. पण तिने त्यांचा तो विझलेला उजवा डोळा पाहिला, कॅमेऱ्यामागे अर्धा लपलेला, आणि तिची जीभच उचलेना. पहिलाच फोटो, आणि पहिलाच टोपण लावून. फेटा बांधून घेतो म्हणाले होते. काढू दे हा, दुसऱ्याच्या आधी काहीतरी निमित्त काढून टोपण आपणच काढू, असं तिने मनाशी ठरवलं.

"दिसून राहिलं ना सारं बराबर?" उत्तमरावांनी विचारलं.

"हो."

"काढू?"

"काढा ना."

ते थांबले. जरा जास्तच थांबले. मग खटका दाबला, चावी फिरवली, आकडा पाहिला आणि तिला निमित्त सुचायच्या आत कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

"आता?"

"आता बी छान," प्राजक्ता म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द त्या खोलीत बहुधा पहिल्यांदाच निघाला असेल.

दुसरा खटका वाजला. उत्तमरावांनी कॅमेरा खाली घेतला, टोपणावरून अंगठा फिरवला आणि खुर्चीत बसले. चेहरा उतरला होता. गळ्यातला पट्टा काढून त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला.

"राहू दे हा तुह्यापाशी."

"काहून? काका, टोपन तं कोनाच्या बी हातून राहून जाते—"

"राहून नाही गेलं. ठेवलं होतं म्या."

प्राजक्ताने टेबलावरचा कॅमेरा टोपणासकट स्वतःकडे ओढला.

"जन्मभर पयला फोटो मी टोपन लावूनच घेतो. खटका बी दाबत नाही, नुसतं धरून उभा राहातो. नवरा-नवरी, त्यायचे मायबाप, सारे लाकडासारखे ताठ झालेले असतात. मंग कोनी ना कोनी बोंबलते, 'ओ फोटोवाले, टोपन काढा!' साऱ्या मांडवात हासू फुटते. मी हलकेच टोपन काढतो अन् ते हासू घेतो. माह्या साऱ्या अल्बममधी लोक हासून राहिलेत ते त्याच्यानं." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आजपावतो एक बी लग्न असं नाही झालं की कोनी बोंबललं नाही. तुह्यासाठी खटका बी दाबला. दोनदा. तरी तू म्हनते छान."

प्राजक्ताचे कान तापले होते.

"डोया गेला तवापासून घरी कोनी मले काही म्हनत नाही," उत्तमराव म्हणाले. "सून म्हनते बराबर हाये, पोरगा म्हनते बराबर हाये. म्हनून इथं येत होतो. अकोल्यात काय दुसरं दुकान नव्हतं?"

दुसरं दुकान नव्हतंच, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. प्राजक्ताला स्वतःचा भयंकर राग आला, आणि राग आला की तिला बोलता येतं.

"मंग ऐका," ती म्हणाली. "दया आली मले. चुकलं माहं. पन तुमी बी काही लय भारी नाही धरला क्यामेरा. उजवा खांदा खाली येते तुमचा, सारी चौकट वाकडी येईन. मागं ऊन हाये ते पाहालं नाही, माहं तोंड कायं ठिक्कर पडीन. अन् बोट कुठं ठेवता? कड्यावर ठेवायचं तं खिडकीसमोर येऊन राहिलं. मांडवात असं केलं तं सोफ्यावर बसलेलेच बरे तुमी!"

ती हात नाचवत बोलत होती तोवर उत्तमरावांनी कॅमेरा उचलला होता. टोपण टेबलावर पडलं. त्यांनी उजवा खांदा वर घेतला, दोन पावलं बाजूला सरकून ऊन टाळलं, बोट कड्यावर नेलं.

"बोल, बोल," ते म्हणाले. "थांबू नको."

खटका वाजला आणि खालच्या शिंप्याच्या मशीनचा आवाज बंद झाला.

"आता हा कसा आला?" त्यांनी विचारलं.

"मले काय माहीत? धुतल्यावर सांगीन. वाकडा आला तं वाकडा म्हनीन."

"मांडवात सांगशीन? साऱ्यायसमोर?"

"लग्नाले बोलावलं तं सांगीन."

"बोलावलं," म्हणत उत्तमरावांनी पट्टा गळ्यात अडकवला आणि दारापाशी गेले. प्राजक्ता सवयीने त्यांच्यामागे धावली, दंड धरायला हात पुढे केला, आणि पहिल्याच पायरीवर थांबली. हात मागे घेणं तिला जड गेलं. त्यांनी कठडा शोधला, एक पाय खाली टाकला, मग दुसरा.

"काका, कठड्याले धरा नीट!" ती वरूनच खेकसली. "खालची पायरी फुटली हाये, पडसान!"

"पडलो तं पडलो," उत्तमराव अंधारातून मोठ्या खुशीत म्हणाले.