शेवटी बोलायची पाळी

मी एक काळा गाऊन. वरच्या कोर्टाच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुंटीवर लटकलोय. नीट पाहिलंत तर माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली दिसेल. शिवणाऱ्याची चूक नाही ती. जिच्या अंगावर मी आयुष्य काढलं ती न्यायमूर्ती फायली वाचून वाचून उजवीकडे कलायची. ती गेली, कल माझ्यात राहिला. कितीही इस्त्री फिरवा, तो जात नाही.

मला शिवलं तिच्या भावानं. सहा फूट उंच, दार मोडेल असे खांदे, आणि तरी ती त्याला छोटू म्हणायची. आई लवकर गेली, म्हणून ताईनंच त्याला वाढवलं. कायद्याची परीक्षा जवळ आली की ती त्याला मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायची. तो पहिल्याच कलमाला झोपायचा. शाळेचं आणि त्याचं कधी जमलं नाही. डोक्यात आलं की हातातलं टाकून उठायचं, ही त्याची रीत. पण कात्री हातात आली की तो शांत व्हायचा.

ताईला वरच्या कोर्टात नेमल्याचं कळलं त्या दुपारी तिला दुकानात उभी करून त्यानं माप घेतलं.

"ताई, सरळ उभी राहा की."

"सरळच आहे."

"उजवीकडे कलली आहेस. न्यायाधीशानं कुणीकडे कलायचं नसतं ना?"

"मुकाट्यानं टेप धर, छोटू."

"गाऊन सरळ शिवतोय. तू त्यात सरळ हो."

ती काही सरळ झाली नाही. मीच वाकलो.

तिचा घसा सारखा कोरडा पडायचा, म्हणून त्यानं आतल्या बाजूला खोकल्याच्या गोळ्यांसाठी खिसा लावला. "न्यायमूर्ती खोकल्या की लोकांना वाटतं निकाल लागला," तो म्हणाला. तेव्हा ती हसली होती. ते हसणं मला आठवतं, कारण पुढे ते फारसं ऐकू आलं नाही.

खालच्या कोर्टात आरोपी समोर उभा असतो. त्याचे हात दिसतात, चपला दिसतात. वरच्या कोर्टात माणूस येत नाही, त्याचे कागद येतात. तिघं न्यायमूर्ती ते वाचतात, वकिलांचं ऐकतात आणि मग या मागच्या खोलीत येऊन बसतात. इथली एक रीत फार जुनी आहे. सगळ्यात नवा न्यायमूर्ती आधी बोलतो, सगळ्यात जुना शेवटी. जुन्यानं आधी मत दिलं की नव्याची जीभ टाळूला चिकटते, हे इथे कधीतरी कुणीतरी ओळखलं होतं.

पहिली काही वर्षं आधी बोलायची पाळी ताईची असायची. तिची छाती कशी धडधडायची ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. एकदा ती आधी बोलली, मधल्या साहेबांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि ज्येष्ठ साहेबांनी फाईल पुन्हा उघडून एक पान वाचलं. मग म्हणाले, "बरं झालं तुम्ही आधी बोललात. मी आधी बोललो असतो तर एक माणूस फुकट आत गेला असता."

बाहेर येताच तिनं भावाला फोन लावला. "छोटू, आज माझं ऐकलं रे त्यांनी!"

"मग? मी तर लहानपणापासून ऐकतोय," तो म्हणाला.

वर्षं गेली. जुने साहेब निवृत्त झाले. माझ्या बाह्या कोपरावर चकाकायला लागल्या आणि ताई ज्येष्ठ झाली. आता शेवटी बोलायची पाळी तिची. एका बाजूला जाड भिंगांचा चष्मा लावणारे साहेब, दुसऱ्या बाजूला नुकतेच आलेले नवे साहेब.

त्या दिवशी एका चौकीदाराचं अपील होतं. त्यानं रागाच्या भरात गोदामाला आग लावली आणि आत झोपलेला हमाल जळून मेला, असा आरोप. जन्मठेप झाली होती. युक्तिवाद संपले, तिघं या खोलीत आले, शिपाईकाकांनी चहा ठेवला. तेवढ्यात तेच काका पळत परत आले.

"मॅडम, तुमच्या भावाचा फोन. रडतोय."

तिनं फोन कानाला लावला. आवाज मलाही ऐकू आला. "ताई, लवकर ये! हात गेला माझा! रक्त थांबत नाहीये... ताई गं, मी मरतोय!"

ती टेबलाशी परत आली ती बसलीच नाही. एक हात माझ्या बाहीतून आधीच बाहेर निघाला होता. उभ्या उभ्याच म्हणाली, "मला वाटतं शिक्षा कायम करावी. साक्षीदारानं चेहरा पाहिलाय. तुमचं काय?"

चष्मेवाले म्हणाले, "माझंही तेच."

नव्या साहेबांचं तोंड उघडं होतं. "पण..."

"पण काय?" ताईनं विचारलं. ती त्यांच्याकडे बघत होती, नजर मात्र दाराकडे होती.

"काही नाही मॅडम. सहमत."

तिनं मला खुर्चीवर फेकलं आणि ती धावली. एका माणसाचं उरलेलं आयुष्य चहा निवायच्या आत ठरलं होतं. रीत मोडली हे त्या क्षणी तिच्या ध्यानातही आलं नाही.

भावाचा हात गेला नव्हता. शिवणयंत्राची सुई बोटातून आरपार गेली होती. दवाखान्यात तो पट्टी बांधलेलं बोट वर करून बसला होता. ताईनं आधी त्याच्या थोबाडीत दिली, मग त्याला पोटाशी धरलं. पुढे प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नाला छोटू तो किस्सा सांगायचा. "माझ्या बोटात सुई गेली आणि वरचं कोर्ट बंद पडलं!" सगळे पोट धरून हसायचे. ताई पाण्याचा पेला उचलायची.

कारण तोवर तिला ते ऐकू यायला लागलं होतं.

खोलीत तिघं बसले, कुणी बोलायच्या आधीची ती शांतता पसरली, की तिचा हात माझ्या खिशात जाऊन गोळी घट्ट धरायचा. गोळी हातातच विरघळायची. एकदा दोघं साहेब गेल्यावर तिनं विचारलं, "काका, आत्ता कुणी काही म्हणालं का?"

"नाही मॅडम. कुणीच नाही."

"पण म्हणालं ना कुणीतरी?"

काकांनी खोलीभर पाहिलं. खोलीत त्यांच्याशिवाय ती होती आणि मी होतो. मीही ते ऐकलं होतं. अर्धवट राहिलेला शब्द जागा सोडत नाही. पडद्यामागे, किटलीच्या वाफेत, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर तो बसून राहतो.

त्यानंतर इतर दोघं बोलत असताना ती खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसू लागली. "माझा चेहरा पाहून कुणी मत बदलायला नको," म्हणायची. लोकांना ते विक्षिप्त वाटलं. मुख्य न्यायमूर्तींच्या जागेसाठी तिचं नाव नक्की झालं तेव्हा चष्मेवाले साहेब थट्टेनं म्हणाले, "आता तरी आमच्याकडे तोंड करून बसा!"

ती हसली नाही. ते गेल्यावर तिनं नव्या साहेबांना थांबवून घेतलं.

"त्या चौकीदाराच्या दिवशी, 'पण'च्या पुढे काय होतं?"

त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "साक्षीदार म्हणतो, फाटकावरच्या दिव्याच्या उजेडात चेहरा दिसला. आणि वायरमन म्हणतो, आग लागली त्या रात्री अख्ख्या रस्त्याची वीज गेली होती. दोन्ही जबाब आपल्याच फायलीत होते."

"मी दोन्ही वाचले होते," ताई म्हणाली. "एक एका दिवशी, दुसरा दुसऱ्या. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही आधी बोललात, मॅडम."

माझ्या आत ती एवढी गार पडली की मला वाटलं, आता माझ्यात कुणी नाहीच.

चष्मेवाल्यांना कळलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. "कशाला उकरून काढता? वरची खुर्ची ठरलीय तुमची. आणि आतलं बोलणं बाहेर न्यायचं नसतं."

"आतलं बोलणं नाही नेणार. माझी चूक नेणार आहे."

न्यायमूर्ती कोर्टात बसून बोलतात. त्या दिवशी ताई उभी राहिली. भरल्या कोर्टात म्हणाली, "या निकालाच्या दिवशी मी घाईत होते. माझ्या सहकाऱ्याला मी बोलू दिलं नाही. हे प्रकरण मी पुन्हा उघडते आहे." वकिलांच्या हातातले कागद वाजायचे थांबले.

मग सरकारी वकील हळूच उठले. त्यांनी सांगितलं, चौकीदार मागच्या हिवाळ्यात तुरुंगाच्या दवाखान्यात वारला होता. फाईल बंद झालेली, त्यामुळे कुणी कळवलं नव्हतं.

तरीही अपील पुन्हा चाललं. मागच्या खोलीत नवे साहेब आधी बोलले, ताई शेवटी. मेलेला माणूस निर्दोष ठरला. त्याची बायको निकालाला आली होती. ती जिन्यापाशी ताईला गाठून उभी राहिली. रडत नव्हती. खरंच काही कळून घ्यायचं असावं तसं तिनं विचारलं, "मग आज कुणाला सोडलं म्हणायचं, बाई?"

मुख्य न्यायमूर्तींची जागा दुसऱ्याला मिळाली, त्याचं ताईला काही वाटलं नाही. जिन्यावरचा तो प्रश्न मात्र ती शेवटपर्यंत माझ्यासारखा अंगावर वागवत राहिली. आता खोलीत त्या दोन गोष्टी ऐकू यायच्या, एक अर्धा शब्द आणि एक पुरा प्रश्न.

एका दुपारी खिडकीकडे तोंड करून ती बसली होती. दोघं साहेब बोलले. मग तिची पाळी आली. ते थांबले, थांबतच राहिले. माझ्या आतली ऊब हळूहळू निघून जात होती आणि मला कुणाला हाक मारता येत नव्हती.

शोकसभेत छोटूला बोलायला सांगितलं. डोळे सुजलेले, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. त्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानं तोच सुईचा किस्सा सांगितला. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. नवे साहेब हसले नाहीत. छोटूनं तिथूनच विचारलं, "का हो साहेब? हसा की. ताईसुद्धा कधी हसली नाही या गोष्टीला. का कुणास ठाऊक."

साहेबांनी त्याला या खोलीत आणलं आणि का ते सांगितलं.

त्यानं मला खुंटीवरून ओढलं आणि दुकानात नेऊन टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. "एका बोटासाठी! एका बोटासाठी गं!" कात्री घेऊन माझ्या गळ्यापाशी लावली आणि एकच घाव घातला. मग त्याचा हात खिशाला लागला. आत विरघळलेल्या गोळ्यांचा चिकट थर होता. तो तसाच माझ्यात तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला. "एकदा तरी म्हणायचंस, छोटू, तुझ्यामुळे. एकदा तरी शिवी द्यायचीस. एवढी वर्षं मला हसू दिलंस?"

मी काय सांगणार? तिनं त्याला कधीच दोष दिला नव्हता. फोन त्यानं केला, पण आधी बोलली होती ती.

शिपाईकाका काही दिवसांनी दुकानात आले. ताईच्या जागी एक तरुण बाई न्यायमूर्ती येत होत्या. बुटक्या, अंगानं बारीक, तयार गाऊन त्यांना पायघोळ होत होते.

"मापं आणा," छोटू म्हणाला.

त्यानं मला उसवलं, कापलं, पुन्हा जोडलं. सगळं लहान केलं. गळ्यापाशी घातलेला घाव मात्र त्यानं लपवला नाही, काळ्या दोऱ्यानं ठसठशीत शिवला. खिसा धुतला आणि तिथेच ठेवला. मला द्यायला तो स्वतः आला आणि दारात घुटमळला.

"बाई, एक सांगू? रागावू नका. मी पाचवी नापास माणूस आहे."

"सांगा की दादा."

"आत कुणी घाईत असो, कुणाचा फोन येवो, कुणी मरत असो. तुम्ही आधी बोला."

"आणि चुकीचं बोलले तर?"

"तर चुका. पण आधी चुका, म्हणजे बाकीचे सुधारू शकतात. नंतरची चूक फार दिवस जगते."

ते काल झालं. आज तिचा पहिला दिवस आहे. बाहेर पावलं वाजतायत. चष्मेवाले केव्हाच निवृत्त झाले, नवे साहेब आता ज्येष्ठ झालेत. त्यांनी आपली खुर्ची आत्ताच खिडकीकडे फिरवून ठेवलीय.

ये बाई, मला अंगावर घे. उजवा खांदा जरा ओढल्यासारखा वाटेल. घाबरू नकोस, ती आहे. शांतता पसरली की कुठूनतरी एक अर्धा शब्द ऐकू येईल. त्यालाही घाबरू नकोस. तो फार वर्षं इथे उभा आहे, दमलाय. तुझ्या तोंडून त्याला पुरा होऊ दे.

आधी तू बोल.