डाव्या बाजूचा वैल

निजामाच्या अमदानीत वडवणीच्या बाजूला एका वस्तीवर शहादेव नावाचा शेतकरी राहत असे. घरात बायको कौशल्या आणि म्हातारी आई मंजुळाबाई. माघात गुऱ्हाळ चालू होतं. चरकात ऊस सारताना कौशल्याचा उजवा हात आत ओढला गेला. बैल थांबेपर्यंत चार बोटं गेली होती. तळवा आणि अंगठा तेवढा वाचला.

जखम भरायला पार उन्हाळा उजाडला. तोवर रांधणं मंजुळाबाईंकडे आलं. त्यांचे गुडघे धरलेले. पीठ एका कोपऱ्यात, मीठ दुसऱ्या भिंतीच्या कोनाड्यात, पाणी दाराशी. एकेका भाकरीला म्हातारी कण्हत उठायची, कण्हत बसायची. कौशल्याला ते ऐकवत नसे. ती ओसरीवरून अंगणात जाई, अंगणातून गोठ्यात, तिथे शेणाला हात लावायचा विचार करी आणि परत येई. भाकरी करपल्याचा वास आला की चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थबकायची.

"आत्याबाई, मी करू का?" तिनं एकदा विचारलं.

"कशानं करशील? डाव्या हातानं?" मंजुळाबाई म्हणाल्या. "त्या हातानं रांधल्यालं कुनाला चालतं? गप बस जरा."

पण गप बसणं हेच तिला जमत नव्हतं. उभ्या जागी तिची डावी बोटं लुगड्यावर आपोआप भाकरी थापत राहायची.

चैत्र सरताना मंजुळाबाई लेकीच्या बाळंतपणाला तिच्या गावी, जोगाईच्या आंब्याला गेल्या. गाडी वळणाआड झाली आणि कौशल्या आत शिरली. तिनं आधी काहीच उचललं नाही. चुलीसमोर बसली आणि डावा हात लांबवून पाहिला, कुठवर पोचतो. मग कामाला लागली. कोपऱ्यातल्या शिंक्यातलं पिठाचं गाडगं शहादेवाकडून खाली उतरवून डाव्या मांडीशी ठेवलं. मिठा-तिखटाची गाडगी त्याच्या शेजारी आली. उतरंड दोन हातांशिवाय उतरेना, म्हणून ती मोडून रोजची मडकी भिंतीलगत एकेकटी मांडली. पाण्याचा रांजण दारातून हलवून जवळ आणायला लावला. खाली भांडं ठेवून ते उजव्या तळव्यानं दाबायचं आणि डाव्या हातानं काम करायचं, हे तिला दोन-चार भांडी फुटल्यावर समजलं.

भाकरी मात्र दमवत होती. डावा हात थापायचा, पण उजवा तळवा ती फिरवायला चुकायचा. भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेली.

"जाड झालीय," शहादेव म्हणाला.

"मग जाड खा."

तो हसला आणि खाल्ली. तिला हसू आलं नाही. ती उठून पिठाचं गाडगं आणखी वीतभर पुढं सरकवायला लागली.

मंजुळाबाई परत आल्या. हात-पाय धुऊन आत गेल्या आणि मिठाच्या कोनाड्यात हात घातला. कोनाडा रिकामा होता.

"हे काय करून ठिवलंस?"

"हाताशी आनलंय, आत्याबाई. तुमालाबी उठावं लागनार न्हाई."

"माझ्या सासूनं लावल्यालं घर हाय हे." त्या तशाच बाहेर गेल्या. अंगणात तीन धोंडे मांडले आणि आपल्यापुरतं वेगळं शिजवायला लागल्या.

एका घरात दोन धूर निघू लागले, सासू-सुनेचं बोलणं तुटलं. शहादेव आईच्या चुलीशी बसला की कौशल्या आत भांडी आपटायची, बायकोच्या चुलीशी बसला की आई त्याच्याकडे पाठ फिरवायची. शेवटी तो शेतातच भाकरी नेऊ लागला.

आतल्या चुलीचं एक मात्र कौशल्याला हलवता आलं नव्हतं. चुलीचा वैल, म्हणजे कालवण शिजत ठेवायचं बाजूचं तोंड, उजवीकडं होता. तिथलं ढवळायला तिला डावा हात जाळावरून पलीकडं न्यावा लागे. एका दुपारी असंच वरण ढवळताना खांद्यावरचा पदर जाळात गेला. तिला कळलं ते कानाशी ऊब लागल्यावर.

ती ओरडली नसावी. पण अंगणातून मंजुळाबाईंनी आत पाहिलं, आणि ज्यांना दोन पावलं टाकायला भिंत लागायची त्या धावत आल्या. घोंगडी टाकून त्यांनी सुनेला दाबून धरलं. पदर जळाला, खांद्यावर फोड आले, बाकी निभावलं. मग मंजुळाबाईंची नजर जाळापलीकडच्या वैलावर गेली.

"का गं सांगितलं न्हाईस वैलाचं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"काय सांगू? तुमी बोलत कुटं हुत्या."

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं पहार घेतली आणि सासूच्या हातची ती चूल स्वतः फोडली. शहादेवाकडून ओढ्याची माती आणवली, त्यात भुसा आणि शेण कालवलं.

"बस हितं. हात लांब कर. इतकाच जातो?"

"इतकाच."

"मग वैल हितं." त्यांनी डावीकडं ओल्या मातीत बोटानं खूण केली.

चूल वाळली. कौशल्यानं पहिल्यांदा वरण शिजवलं, भाकऱ्या थापल्या. मंजुळाबाईंनी आपली थाळी पुढं केली.

"कालवन वाढ. ते पळीनं ढवळल्यालं, त्याला हात न्हाई लागत. भाकर मी माझी करते."

कौशल्यानं वाढलं. म्हातारी अंगणात जाऊन आपल्या भाकरीशी ते खाऊ लागली, आणि कौशल्या आत बसल्या बसल्या तिच्या तोंडाकडं बघत राहिली, मीठ बरोबर पडलंय का ते कळेना म्हणून.