न झालेल्या व्याख्यानाचा वृत्तांत

शिरसीच्या वनजाक्षी भट्टबाईंचं पत्र आलं तेव्हा संक्रांत व्हायची होती. आता एळ्ळु-बेल्लाच्या, म्हणजे तीळगुळाच्या, पुड्या वाटून संपल्या, तरी पद्मनाभ उडुपांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. पत्र छोटंसं होतं.

‘आपल्या वार्तापत्रावरून कळलं, की विज्ञान शाखेचं यंदाचं स्मृतिव्याख्यान मी दिलं, सभागृह भरलं होतं आणि श्रोते मंत्रमुग्ध झाले. मला तर आपल्या कार्यालयातून व्याख्यान पुढे ढकलल्याचा फोन आला होता, म्हणून भरलेली पिशवी मी रिकामी केली आणि त्या दिवशी अंगणात सुपारी सोलत बसले. गावात लोक अभिनंदन करतात. मी काय बोलले तेवढं कळवाल का? कुणी विचारलं तर पंचाईत होते.’

बाई रागावून भांडल्या असत्या तर उडुपांना बरं वाटलं असतं. रागावर माफी मागता येते. यावर काय लिहायचं, ते त्यांना सुचेना. दोनदा कागद पुढे ओढला, दोनदा फाडला. भट्टबाईंनी उभा जन्म तालुक्याच्या कॉलेजात शिकवण्यात घालवला होता आणि सुटीत घाटातल्या दगडांवरचं, झाडांच्या सालींवरचं शेवाळ गोळा केलं होतं. कुठल्याही विद्यापीठाचं त्यांना आलेलं हे पहिलं बोलावणं. ते आलं आणि परस्पर पारही पडलं.

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या उडुपांना शाखेनं जिन्याखालची एक खोली आणि वार्तापत्राचं संपादन दिलं होतं. वार्तापत्र चार पानांचं. शेवटच्या पानावर येते कार्यक्रम, पहिल्यावर झालेल्यांचे वृत्तांत. डीन तिप्पेस्वामी आल्यापासून पद्धत पडली होती, की महिना उलटला की शेवटच्या पानावरचा मजकूर कार्यालयातल्या नागवेणीनं उचलून पहिल्या पानावर टाकायचा. ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’ हे वाक्य तिच्या संगणकात तयारच असे. कार्यक्रम खरंच झाला का, हे बघायला कोण जातंय? उडुप शुद्धलेखन तपासत. त्या महिन्यात सभागृह मंत्र्यांच्या सत्काराला गेलं, व्याख्यान राहिलं, आणि वृत्तांत ठरल्याप्रमाणे पहिल्या पानावर आला.

आज डीननी उडुपांना बोलावलं. ते बोंडा खात होते. चटणीची बोटं चाटून त्यांनी त्याच बोटांनी एक कागद पुढे सरकवला.

“या उडुप मेष्ट्रे, बसा. गरम कापी सांगू? त्या शिरसीच्या बाईंना हे आभारपत्र पाठवा. ‘माझं व्याख्यान उत्तम झालं, पाहुणचार चांगला होता.’ खाली सही करून परत पाठवा म्हणावं. मूल्यांकन समिती येतेय, पुरावा लागतो.”

“पण सर, व्याख्यान झालं नाही.”

“छापलंय ना?”

“छापलंय.”

“मग झालं. शेवटच्या पानावर आलं की ते होतंच, एवढा साधा नियम आहे. तुम्ही संपादक, तुम्हाला मी काय सांगू?”

उडुपांनी कागदावरचा चटणीचा डाग रुमालानं पुसला. “बाई सही करतील असं वाटत नाही मला.”

“न करून जातात कुठं? तालुक्याची मास्तरीण ती. विद्यापीठाची शाल अंगावर पडली की जन्माचं सार्थक. शाल आणि फळांची परडी देतो, तुम्ही स्वतः घेऊन जा. पांढऱ्या भिंतीपुढे उभं करून फोटो काढा. आणि हो, परडी परत आणा.”

शेवटचं वाक्य उडुपांना नीट कळलं नाही. ते नागवेणीनं प्रयोगशाळेतलं शीतकपाट उघडल्यावर कळलं. जंतूंच्या काचबश्यांशेजारी चकचकीत कागदात बांधलेली परडी होती.

“कागद सोडू नका सर,” ती नाकाला पदर लावत म्हणाली. “गणपतीपासून प्रत्येक पाहुण्याच्या हातात हीच. फोटो झाला की परत आत. वरची सफरचंदं पुसली की चमकतात. खालची मोसंबी आता सूक्ष्मजीव विभागाच्या मालकीची.”

उडुपांनी परडी तिरपी केली. तळाशी हिरवट करडी लव माजली होती आणि तपकिरी पाणी कागदाच्या घडीत साचलं होतं. परडीवर घडी करून ठेवलेल्या शालीच्या काठाला कुणाकुणाच्या मानेचं तेल लागून तो चिकट झाला होता. हे घेऊन आपण त्या बाईंच्या ओसरीवर जायचं, त्या आत जाऊन आपल्यासाठी पाणी आणणार, आणि आपण त्यांना भिंतीपुढे उभं करणार. आपल्याकडून हेही झालं असतं, असं त्यांना वाटलं, आणि तोंड कडू झालं.

परडी उचलून ते मागच्या दारानं बाहेर गेले आणि रोपवाटिकेच्या खताच्या खड्ड्यात ती उपडी केली. आवारातली एक गाय लगबगीनं आली, तिनं हुंगलं आणि तोंड फिरवून निघून गेली.

“आता फोटोत काय धरणार?” परत आल्यावर नागवेणीनं विचारलं.

“फोटो नाही. शेवटच्या पानावर एक मजकूर घाल. वनजाक्षी भट्ट यांचं व्याख्यान, विषय घाटातलं शेवाळ, पुढल्या महिन्याचा पहिला शनिवार, वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा. आणि पहिल्या पानावर चौकट टाक, की मागचा वृत्तांत खोटा होता.”

“डीनना विचारलंत?”

“शेवटच्या पानावर आलं की ते होतंच, असं त्यांनीच आत्ता सांगितलं.”

नागवेणी हसली. “ते अंक वाचत नाहीत, नुसते मोजतात. पण कुणीतरी दाखवणारच. तुमची खोली जाईल, सर.”

“जाऊ दे. कुबट वास येतो तिला.” त्यांनी खिशातली खोलीची किल्ली एकदा चाचपली. “तू येशील ना ऐकायला?”

“येईन. बोंडा खाणारे नसतील तर नक्की येईन.”

खोलीत येऊन त्यांनी कागद ओढला. या वेळी फाडला नाही.

‘आपण काय बोललात ते मी सांगू शकत नाही, कारण आपण बोललाच नाहीत आणि आम्ही खोटं छापलं. कुणी आभारपत्रावर सही मागितली तर करू नये. पुढल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी येऊन बोलाल का? सभागृह नाही, शाल नाही, फळं नाहीत. श्रोते थोडे असतील. शेवाळ सोबत आणावं, सूक्ष्मदर्शक मी पुसून ठेवतो. वृत्तांत आपण बोलल्यानंतर लिहीन.’

‘पुसून ठेवतो’ हे फार घरगुती झालं का, असं त्यांना वाटलं. मग तसंच राहू दिलं.

फाटकाजवळच्या लाल पेटीपाशी त्यांनी पत्ता पुन्हा वाचला, तिकीट अंगठ्यानं दाबलं, आणि कुणी ओळखीचं बोलायला थांबण्याआधी पत्र आत टाकलं.