रस्करवरची टाचणी

मित्रांनो, मी आमच्या राज्याचा एक जुना नकाशा आहे. गवताळ मुलखातल्या सरकारी लॉ कॉलेजात, प्रवेशाच्या खोलीत माझी जागा होती. तिथे एक रीत होती. पदवी मिळाली की जो तो आपल्या हाताने, जिथे नोकरी लागली त्या गावावर टाचणी टोचायचा. राजधानीवर इतकी दाटी झाली की माझ्या कागदाची तिथे चाळणी झाली. वायव्येच्या रस्कर काउंटीवर, म्हणजे त्या जिल्ह्यावर, मात्र एकही टाचणी नव्हती. तिथला एकुलता एक म्हातारा वकील वारला, त्याला बारा वर्षं झाली होती.

प्रवेश देणाऱ्या लॉर्नाबाई प्रत्येक उमेदवाराला माझ्यासमोर उभं करायच्या. एकदा मारेन नावाची मुलगी आली.

"कुठली गं तू?"

"रस्करची. साधं मृत्युपत्र करायचं तर आमच्या आजीला दीडशे मैल जावं लागतं. मी शिकून परत जाणार."

"सगळे असंच म्हणतात, बाई. मग राजधानीची कॉफी गोड लागते."

"माझं नाही तसं व्हायचं!"

तिचे गुण अगदी काठावरचे होते. लॉर्नाबाईंनी या शब्दावर तिला घेतलं.

तीन वर्षांनी मारेनने टाचणी उचलली. हात जरासा रस्करपाशी घुटमळला आणि राजधानीवर उतरला. मला फार वाईट वाटलं.

पुढे लॉर्नाबाई निवृत्त झाल्या. माझ्या जागी टीव्हीसारखा चकचकीत पडदा आला. शंभरातल्या नव्वदांना नोकरी लागते, असं तो दिवसभर सांगतो. कुठे लागते, ते सांगत नाही. मला तळघरात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. नऊ वर्षं मी विटाच पाहिल्या.

गेल्या मार्चमध्ये कुणीतरी मला वळवलं. मारेन! बुटांना चिखल, चेहरा रापलेला. सोबत किल्ल्यांचा जुडगा घेऊन शिपाई रूडी.

"एका टाचणीसाठी चार तास गाडी हाणलीस? कमाल आहे पोरी!"

"चुकीच्या जागी टोचली होती, रूडीकाका. आता रस्करला ऑफिस थाटलंय, जुन्या चाऱ्याच्या दुकानात. परवा पहिलं मृत्युपत्र केलं."

"कुणाचं?"

"शेजारणीचं. आजीचं करायचं होतं. ती नाही थांबली."

रूडीने डोक्यावरची टोपी काढली. मारेनने राजधानीवरची टाचणी उपटली आणि रस्करवर घट्ट दाबली. मग दिवा गेला, दार लागलं. मला पुन्हा भिंतीकडे वळवायचं मात्र रूडी विसरला.

मित्रांनो, जुने नकाशे अडगळीत टाकू नका. भरलेल्या जागा पडदाही दाखवेल. रिकाम्या जागा दाखवायला मला परत वर न्या. रस्करवर एकच टाचणी आहे. तिला शेजार हवा आहे.